जुना टॅरो डेक नेमका कधी छापला? रायडर-वेटची छपाई ओळखण्याची रीत

टॅरो डेक म्हणजे भविष्य सांगायला वापरतात तो चित्रांच्या पत्त्यांचा संच. त्यातल्या पत्त्याच्या कडेला बारीक अक्षरांत १९७१ दिसलं की ‘विंटेज, १९७१ चा अस्सल डेक’ अशी जाहिरात टाकणारे विक्रेते ऑनलाइन बाजारात पैशाला पासरी मिळतात. ते सगळेच लबाड असतात असं नाही, बऱ्याच जणांना खरंच तसं वाटतं. पण ते साल कॉपीराइटचं आहे. अमेरिकेतल्या यू. एस. गेम्स सिस्टिम्स या कंपनीने रायडर-वेट डेकवर ती ओळ घातली आणि पुढची कित्येक दशकं तोच डेक छापत राहिली. अलीकडे दुकानातून घेतलेल्या कोऱ्या करकरीत डेकवरही १९७१ सापडतं.

म्हणून या कामात एक नियम आधी पक्का करावा. डेकचं वय त्याच्यावरच्या सगळ्यात जुन्या सालावरून काढायचं नसतं, सगळ्यात नव्या खुणेवरून काढायचं असतं. पत्त्यावर १९७१ आहे, पण डबीवर तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकांना मिळणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, आहे? मग ती डबी २००७ च्या आधीची असण्याची शक्यता जवळपास संपली. जुनं साल नव्या वस्तूवर सहज छापता येतं, पण जी गोष्ट अजून जन्मालाच आली नव्हती ती जुन्या वस्तूवर छापता येत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका विचारावर उभ्या आहेत.

उदाहरण म्हणून रायडर-वेट घेतो, कारण सर्वात जास्त विकला जाणारा, सर्वात जास्त नकला झालेला आणि सर्वात जास्त चुकीच्या सालाने खपवला जाणारा डेक तोच.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय खुणा वाचता येत नाहीत

आर्थर एडवर्ड वेट यांची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ यांची चित्रं. लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने हा डेक डिसेंबर १९०९ मध्ये बाजारात आणला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पामेलाने छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना पत्र लिहून कळवलं होतं की एक मोठं काम नुकतंच हातावेगळं केलंय आणि त्याचे पैसे मात्र फारच थोडे मिळाले. म्हणजे चित्रं पुरी होणं आणि डेक विकायला येणं यांत जेमतेम काही आठवडे गेले. ती घाई पहिल्या छपाईत दिसते. पुठ्ठा हलका होता आणि प्रती अगदी थोड्या निघाल्या. या पत्त्यांच्या पाठीवर गुलाब आणि लिलीची फुलं आहेत, म्हणून संग्राहक तिला ‘रोझेस अँड लिलीज’ म्हणतात. ही प्रत तुमच्या हाती पडेल अशी आशा ठेवायला हरकत नाही, पण हिशेब तिच्यावर धरू नका.

मार्च १९१० मध्ये बऱ्या पुठ्ठ्यावर मोठी छपाई झाली. तिच्या पाठीवर सुकून तडकलेल्या चिखलासारखी नक्षी आहे. साधारण १९२० पर्यंत चाललेल्या या छपाईला संग्राहक ‘पॅम-ए’ म्हणतात. पॅम म्हणजे पामेलाच. तिच्यानंतरच्या, चित्रांच्या रेषांमध्ये फरक असलेल्या छपायांना बी, सी आणि डी अशी अक्षरं मिळाली. ही नावं प्रकाशकाने दिलेली नाहीत, पुष्कळ नंतर अभ्यासकांनी दिली. त्यामुळे कुठल्याही जुन्या डबीवर ‘पॅम-ए’ छापलेलं सापडणार नाही, आणि सापडलंच तर विक्रेत्याला हात जोडावेत.

रायडरने हा डेक १९३९ पर्यंत काढला. मग युद्ध आलं आणि खंड पडला, तो थेट १९७१ मध्ये भरून निघाला. तिथून १९७७ पर्यंत रायडरने पुन्हा छापला. हा खंड लक्षात ठेवला की ‘लंडनचा रायडर, १९४८’ अशी जाहिरात वाचतावाचताच बाजूला ठेवता येते.

अमेरिकेत वेगळीच गंमत चालू होती. शिकागोच्या डी लॉरेन्स यांनी १९१८ मध्ये वेटचं पुस्तक आणि चित्रं सरळ उचलून स्वतःच्या नावावर काढली. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू हाइड पार्क इथल्या युनिव्हर्सिटी बुक्सने डेक छापला. १९६८ मध्ये फ्रँकी अल्बानो यांनी लॉस एंजेलिसमधून भडक रंगांची आवृत्ती आणली. आणि मग यू. एस. गेम्स आली, तिचे पत्ते स्वित्झर्लंडच्या एजी म्युलर छापखान्यात छापून येत.

हाताशी काय लागेल

घड्याळजी वापरतात ते दहापटीचं भिंग. वीस-तीसपटीचं मिळालं तर उत्तम. नोटा तपासायचा अतिनील दिवा, किराणा दुकानदाराकडे असतो तसला. जाडी मोजायला एक व्हर्नियर कॅलिपर. मोबाइलचा कॅमेरा आणि खिडकीतला दिवसाचा उजेड. एवढ्यात काम भागतं. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पांढऱ्या सुती हातमोज्यांचा सोस नको, त्यांनी पत्ता नीट धरता येत नाही आणि कोपरे मात्र दुमडतात.

पायरी १: डबी, पुस्तिका आणि पत्ते वेगळे करा

जुना डेक विकत मिळतो तेव्हा तीन वस्तू एकत्र येतात, पण त्या एकत्र जन्मल्या असतीलच असं नाही. गेल्या शंभर वर्षांत कुणीतरी फाटकी डबी टाकून दुसरी लावलेली असते, हरवलेल्या पुस्तिकेच्या जागी भलतीच ठेवलेली असते. तेव्हा तिन्ही वस्तूंचं वय वेगवेगळं काढा आणि शेवटी ते जुळतं का ते बघा.

रायडरच्या डेकसोबत वेटची ‘द की टू द टॅरो’ ही छोटी पुस्तिका मिळे. तिच्यावर १९१० आहे म्हणून सोबतचे पत्ते १९१० चे ठरत नाहीत. पुस्तिका कपाटात शाबूत राहते, पत्ते वापरून झिजतात, आणि नवे पत्ते आणून जुन्या पुस्तिकेसोबत ठेवले जातात. चित्रांसह असलेली ‘द पिक्टोरियल की टू द टॅरो’ नंतर आली, तिच्यावरून तर पत्त्यांबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

पत्ते मोजा. अठ्ठ्याहत्तर हवेत: बावीस मेजर, म्हणजे ‘सन’, ‘लव्हर्स’सारखे मुख्य चित्रपत्ते, आणि छप्पन्न मायनर, म्हणजे राजे-राण्या वगैरे आणि आकड्यांचे पत्ते. जास्तीचे एक-दोन निघाले तर फेकू नका. नावाचा किंवा जाहिरातीचा सुटा पत्ता कधीकधी अख्ख्या डेकपेक्षा जास्त बोलतो; त्याच्याकडे पुढे येऊ. सगळे पत्ते पाठ वर करून उजेडात पसरा. एखाद्या पत्त्याच्या पाठीचा रंग किंचित वेगळा, कडा जास्त पांढरी किंवा कोपऱ्याची गोलाई निराळी दिसली, तर तो दुसऱ्या डेकमधून भरती केलेला आहे.

पायरी २: पाठ

गुलाब-लिली आणि तडकलेला चिखल यांबद्दल वर आलंच. यू. एस. गेम्सच्या नेहमीच्या डेकची पाठ निळ्या चौकड्यांची असते. मात्र पाठीवरून शेवटचा निकाल देऊ नका. तडकलेल्या चिखलाची नक्षी नंतरच्या स्मरणार्थ काढलेल्या आवृत्त्यांनीही उचलली आहे. पाठीने फक्त एवढं ठरतं की पुढचा शोध कोणत्या दिशेने घ्यायचा.

पायरी ३: भिंगाखालची शाई

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. कागदपत्रं खोटं बोलू शकतात, डबी बदलता येते, पण शाई कागदावर कशी बसली आहे ते बदलता येत नाही.

‘सन’चा, म्हणजे सूर्याचा पत्ता घ्या. पिवळं ऊन, घोड्यावरचं मूल, मागे भिंत आणि सूर्यफुलं. आधी चित्राची काळी बाह्यरेषा भिंगाखाली धरा. शिळाछाप पद्धतीच्या, म्हणजे लिथोच्या जुन्या छपाईत ती रेषा सलग असते. कडेला किंचित खरबरीत, कुठे जाड, कुठे बारीक, पण आतून भरीव काळी. नंतरच्या ऑफसेट छपाईत, चित्राचा फोटो काढून चार रंगांत फोडलेलं असेल, तर काळी रेषा ठिपक्यांनी फुटलेली दिसते आणि तिच्या कडेला निळ्या-लाल ठिपक्यांची झालर असते. आता रंगाच्या भागात या. चार रंगांच्या ऑफसेटमध्ये निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा यांचे ठिपके ठरलेल्या कोनात बसून छोट्या छोट्या फुलांसारखी नक्षी करतात. एकदा ती ओळखीची झाली की चुकत नाही. जुन्या लिथोत प्रत्येक रंगाची वेगळी शाई असते: निळा म्हणजे खरोखर निळी शाई, हिरवा म्हणजे हिरवी किंवा पिवळ्यावर निळी. तिथे ठिपके असले तरी ते त्या रंगाचे आणि त्या रंगाच्या छटेपुरते असतात, चार रंगांची फुलं होत नाहीत. शिवाय दोन रंग जिथे भेटतात तिथे थोडी सरमिसळ किंवा पांढरी फट दिसते, कारण प्रत्येक रंगासाठी कागद पुन्हा यंत्रातून गेलेला असतो.

डोळा तयार करायला टॅरोच लागतो असं नाही. घरात किंवा ओळखीत मळवलीच्या रवि वर्मा प्रेसचं जुनं ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं लिथोचं छापील चित्र, असेल तर त्यावर भिंग धरा, आणि लगेच शेजारी आजच्या कॅलेंडरवरच्या त्याच लक्ष्मीच्या चित्रावर धरा. ओलिओग्राफमध्ये गालावरची छटा हाताने टिंबं टिंबं देऊन आणलेली असते, टिंबं लहानमोठी आणि अस्ताव्यस्त. कॅलेंडरवर सगळं शिस्तीत उभं. हा फरक एकदा बघितला की शंभर पानं वाचायची गरज उरत नाही.

इथे एक खास सापळा आहे. स्मरणार्थ काढलेल्या नव्या आवृत्त्या जुना भास यावा म्हणून पिवळट छापतात. २००९ मध्ये डेकला शंभर वर्षं झाली तेव्हा यू. एस. गेम्सने पामेलाच्या नावाने संच काढला, त्यातले पत्ते असे मवाळ, जुनाट रंगांचे आहेत. फोटोत ते शंभर वर्षांचे वाटतात. भिंगाखाली मात्र तो पिवळेपणा ठिपक्यांचा निघतो. वयाने आलेला पिवळेपणा कागदात मुरलेला असतो, त्याला ठिपके नसतात, तो कडेला जास्त आणि मध्ये कमी असतो, आणि पत्त्यापत्त्यागणिक बदलतो. अठ्ठ्याहत्तर पत्ते अगदी एकसारखे पिवळे असतील तर तो रंग छापखान्यातून आलेला आहे.

पायरी ४: अंधार करून दिवा लावा

कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत साधारण १९५० नंतर रूढ झाली. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर पांढरा झगझगतो. जुना कागद मंद, पिवळट किंवा तपकिरी राहतो. म्हणजे १९१० चा म्हणून विकला जाणारा पत्ता दिव्याखाली पांढऱ्या सदऱ्यासारखा चमकला तर पुढे बोलण्यासारखं काही नाही.

उलट बाजूने मात्र हा पुरावा लंगडा आहे. चमकला नाही म्हणून जुना असं म्हणता येत नाही, कारण आजही असा रसायनविरहित कागद मिळतो. आणि पत्त्यावर लाख किंवा प्लॅस्टिकचा थर असेल तर खालचा कागद झाकला जातो. अशा वेळी समोरच्या बाजूपेक्षा पत्त्याची कड तपासा. झिजलेल्या कोपऱ्यातून पुठ्ठ्याचा आतला थर दिसतो, दिवा तिथे रोखा. दुसरी गोष्ट म्हणजे डिटर्जंटमध्येही हीच रसायनं असतात, त्यामुळे धुतलेल्या कपड्यात गुंडाळून ठेवलेल्या पत्त्यावर अधूनमधून चमकणारे तंतू दिसतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

पायरी ५: रेषेला रेष लावून बघा

पॅम-ए की बी, सी, डी हे ठरवायचं तर एकच मार्ग आहे: ज्याची ओळख पक्की आहे अशा डेकच्या चांगल्या स्कॅनशेजारी आपला पत्ता ठेवायचा. अभ्यासकांनी असे स्कॅन खुले केलेले आहेत. ए मध्ये पामेलाची मूळ रेषा सर्वात जवळून दिसते. पुढच्या छपायांत चित्र पुन्हा उतरवून घेतल्याने रेषा बदलत गेल्या.

कुठे बघायचं? चेहऱ्यांकडे. छोटा चेहरा पुन्हा काढताना नक्कल करणाऱ्याचा हात सर्वात आधी उघडा पडतो. ‘लव्हर्स’मधले दोघे आणि वरचा देवदूत, ‘फूल’च्या (इंग्रजी ‘फूल’, म्हणजे वेडगळ माणूस) पायाशी उड्या मारणारा कुत्रा, ‘सिक्स ऑफ कप्स’मधली मुलं. मग कपड्यांच्या घड्या, गवताची पाती, ढगांच्या कडा. तिसरी जागा म्हणजे पामेलाची सही. आद्याक्षरं एकात एक गुंफलेली तिची खूण जवळजवळ प्रत्येक चित्रात असते, बहुतेक वेळा खालच्या उजव्या बाजूला. तिचे वळसे मोकळे आहेत की चिकटून डाग झालाय, ते बघा. काही पुनर्रेखित आणि चोरट्या आवृत्त्यांत ही सही पार गायब आहे, तेवढ्यावरून बरंच कळतं.

हे एका पत्त्यावर करून थांबू नका. निदान सहा पत्ते जुळवा आणि त्यात मेजर, राजे-राण्या आणि साधे आकडे तिन्ही येऊ द्या. एका पत्त्यावरचा फरक शाई कमी पडल्यानेही झालेला असू शकतो.

पत्त्याचं माप आणि जाडीही नोंदवा. रायडर-वेटचा नेहमीचा आकार साधारण ७० बाय १२० मिलिमीटर. एकेका पत्त्याची जाडी मोजण्यापेक्षा अख्ख्या गठ्ठ्याची उंची हलका दाब देऊन मोजावी, पुठ्ठ्यातला फरक तिथे स्पष्ट उमटतो.

पायरी ६: पत्ता वाचा, म्हणजे पोस्टाचा पत्ता

डबीवरचा आणि पुस्तिकेवरचा प्रकाशकाचा पत्ता म्हणजे छुपं पंचांग आहे. आपल्याकडच्या वस्तूंवर हे आपण नकळत करतोच: डबीवर ‘बॉम्बे’ आहे पण सहा आकडी पिन कोड नाही, म्हणजे बहुधा १९७२ च्या आधीची. तीच युक्ती परदेशी डब्यांवर चालते.

लंडन: पोस्टाच्या विभागाला आकडे १९१७ मध्ये जोडले गेले. ‘लंडन, ई. सी.’ एवढंच असेल तर बहुधा त्याआधीचं, ‘ई. सी. ४’ असेल तर नक्की त्यानंतरचं. प्रकाशकाचं नावही बघा. विल्यम रायडर अँड सन ही संस्था १९२५ मध्ये हचिन्सनकडे गेली आणि पुढे ‘रायडर अँड कंपनी’ असं नाव येऊ लागलं. रायडरचं बिऱ्हाड ज्या पॅटरनॉस्टर रो या पुस्तकवाल्यांच्या गल्लीत होतं, ती २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जळून गेली. तो पत्ता असलेली वस्तू त्या रात्रीच्या आधीची धरायला हरकत नाही. टेलिफोन नंबर असेल तर आणखी सोपं: लंडनचा कोड १९९० पर्यंत ०१ होता, मग ०७१ आणि ०८१ झाला, १९९५ मध्ये ०१७१ आणि ०१८१, आणि २००० पासून ०२०.

अमेरिका: पाच आकडी झिप कोड १९६३ मध्ये सुरू झाला, त्याला चार आकड्यांचं शेपूट १९८३ मध्ये लागलं. न्यू हाइड पार्कच्या युनिव्हर्सिटी बुक्सच्या डबीवर झिप आहे की नाही, हा म्हणून महत्त्वाचा प्रश्न. यू. एस. गेम्सचा पत्ता आधी न्यूयॉर्कचा होता, नंतर कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डचा झाला. ‘१९७१ चा डेक’ म्हणवणाऱ्या डबीवर स्टॅमफर्ड दिसलं की विषय संपला. पत्त्यांच्या कडेला कॉपीराइटची ओळच नाही, असा डेकही मिळतो. तो सुरुवातीचा असू शकतो, पण चोरटी छपाई करणारेसुद्धा ती ओळ गाळतातच, म्हणून अशा वेळी भिंग आणि दिवा यांची साक्ष काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्वित्झर्लंड: चार आकडी पोस्ट कोड १९६४ चे. एजी म्युलरचा छापखाना नॉयहाउझेनचा, त्याचा ८२१२ हा आकडा डबीवर असेल तर ती १९६४ च्या पुढची. १९९९ मध्ये एजी म्युलरचा पत्त्यांचा व्यवसाय बेल्जियमच्या कार्टामुंडीकडे गेला. ‘स्वित्झर्लंडमध्ये छापलेला’ ही ओळ असलेले डेक संग्राहक आवडीने घेतात त्यामागे हे कारण आहे, आणि पुठ्ठाही खरंच सरस होता. जर्मन डबीवर पोस्ट कोड चार आकडी असेल तर जुलै १९९३ च्या आधीची, पाच आकडी असेल तर नंतरची.

आयएसबीएन १९७० च्या सुमारास आला, आधी दहा आकडी, आणि १ जानेवारी २००७ पासून तेरा आकडी. बारकोडची पहिली विक्री ओहायोतल्या एका सुपरमार्केटात जून १९७४ मध्ये झाली, त्यामुळे काळ्या पट्ट्यांची डबी त्याच्या फार आधीची असूच शकत नाही. वेबसाइटचा पत्ता असेल तर १९९० च्या दशकाच्या मध्याच्या मागे जाऊ नका. बारकोडचं वेगळं चिकटवलेलं लेबल मात्र पुरावा धरू नये. दुकानदार जुन्या मालावर नवं लेबल लावतात.

पायरी ७: जाहिराती वाचा

माझ्या मते ही सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात मजेची पायरी आहे. यू. एस. गेम्सच्या पुस्तिकेच्या शेवटी किंवा जास्तीच्या पत्त्यावर कंपनीच्या इतर डेकची यादी असते. त्या यादीतला सर्वात नवा डेक शोधा. ‘युनिव्हर्सल वेट’ १९९० चा, ‘रेडियंट रायडर-वेट’ २००३ चा. यादीत रेडियंट असेल तर ही पुस्तिका २००३ च्या आधी छापलेली नाही, कडेला १९७१ कितीही ठळक असो. यादी लहान आणि सगळी नावं १९७० च्या दशकातली असतील तर मात्र मन लावून पुढे बघा. पुस्तिकेच्या पिनांचा गंज हा वयाचा पुरावा मानू नका. मुंबई-कोकणच्या हवेत नवी पिन दोन पावसाळ्यांत गंजते.

हीच रीत दुसऱ्या डेकना लावताना

‘थॉथ’ डेकबाबत १९४४ हे साल हमखास पुढे केलं जातं. इंग्लंडचे गूढविद्यावाले ॲलिस्टर क्रोली यांच्या कल्पनेवरून चित्रकार लेडी फ्रीडा हॅरिस यांनी त्याची चित्रं १९३८ ते १९४३ दरम्यान केली आणि १९४४ मध्ये निघालं ते पुस्तक, दोनशे प्रतींचं. रंगीत डेक म्हणून तो बाजारात आला १९६९ च्या सुमारास, तेव्हा क्रोली आणि हॅरिस दोघंही हयात नव्हते. पुढे मूळ चित्रांचे नव्याने फोटो घेऊन एजी म्युलरने तो छापला. त्यांच्या काही छपायांत ‘मेगस’चे, म्हणजे जादूगाराचे, एकाऐवजी तीन पत्ते येतात, कारण हॅरिस यांनी त्या पत्त्याची एकाहून जास्त चित्रं केली होती. ही तीन पत्त्यांची खूण चांगली ओळख पटवते.

मार्सेय या जुन्या फ्रेंच घाटाच्या टॅरोमध्ये हाच सापळा आणखी जुना आहे. निकोला कोन्व्हेरच्या डेकवर १७६० कोरलेलं असतं, पण ते साल लाकडी ठशाचं. त्या ठशावरून एकोणिसाव्या शतकातही छपाई होत राहिली, म्हणून १७६० लिहिलेला पत्ता त्यानंतर कित्येक वर्षांनी छापलेला असू शकतो. इथे कागद, रंग हाताने साच्यातून भरलेले आहेत की यंत्राने, आणि कोपरे चौकोनी आहेत की गोल, यावर भिस्त ठेवावी. गोल कोपरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. पण चौकोनी कोपरे कात्रीने गोल करता येतात, तेव्हा कापाची कड बघा. इटालियन डेकवर कराचा शिक्का एका ठरावीक पत्त्यावर असे, तो कर १९७२ मध्ये उठला.

सावंतवाडीच्या गंजिफाला, म्हणजे तिथल्या पारंपरिक गोल पत्त्यांना, यातलं जवळजवळ काहीच लागू होत नाही. तो हाताने रंगवलेला असतो, त्यामुळे तिथे छपाई शोधण्याऐवजी रंग, लाखेचा थर आणि कारागिराचा हात बघावा लागतो. तो वेगळ्या लेखाचा विषय.

विकत घेण्याआधी

परदेशातून डेक मागवताना विक्रेत्याचे सजवलेले फोटो, म्हणजे मेणबत्ती, स्फटिक आणि मागे मखमल, काही कामाचे नसतात. त्याच्याकडून हे मागा: सगळे पत्ते पाठ वर करून, एकाच फोटोत, ‘सन’, ‘लव्हर्स’ आणि ‘फूल’ सरळ वरून, दिवसाच्या उजेडात, एका पत्त्याचा अगदी जवळून, सही दिसेल असा फोटो, डबीच्या सहाही बाजू, पुस्तिकेचं पहिलं आणि शेवटचं पान. जो विक्रेता एवढं द्यायला कुरकुर करतो त्याच्याकडून जुन्याच्या भावाने काही घेऊ नका. पाठवताना शुल्क आणि कर किती लागेल तेही आधी विचारून घ्या.

स्वस्त नकली प्रतींबद्दल एक ओळ पुरे: पत्ते आकाराने लहान, पृष्ठभाग चकचकीत, पुस्तिकेऐवजी स्कॅन करायचा चौकोनी कोड. शिकायला ठीक, संग्रहात नको.

नोंद आणि जपणूक

शोध झाला की कागदावर लिहून ठेवा, पण एकच साल लिहू नका. ‘१९७० चं दशक’ किंवा ‘१९७१ नंतर, १९९० च्या आधी’ अशी कड लिहा आणि प्रत्येक टोकाला कारण जोडा: आधीची कड कशावरून, नंतरची कड कशावरून. पत्ते, डबी आणि पुस्तिका यांच्या तीन वेगळ्या ओळी. पत्ते १९१०-२० चे आणि डबी नंतरची, असं निघालं तर तसंच लिहा. विकताना किंमत कमी होईल, पण पुढच्या माणसाला खरं कळेल.

पत्ते रबर बँडने बांधू नका, तो कडेवर खाचा पाडतो आणि वितळून चिकटतो. लॅमिनेशन म्हणजे सत्यानाश. डाग खोडरबराने घासले तर शाई उडते आणि पायरी ३ चा पुरावाच जातो. आम्लविरहित कागदात गुंडाळून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळ्यात पुड्या बदला. डांबरगोळ्या मात्र त्या डब्यात नकोत, तो वास पुठ्ठ्यातून वर्षानुवर्षं जात नाही. कसर लागली असेल तर डेक बाकीच्या संग्रहापासून लगेच वेगळा करा, मऊ ब्रशने कडा झाडा आणि महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवून लक्ष ठेवा.